स्वतःच्याच अंगणवाडीत शिकाऊ

मॅडम,

मंगळवारी तुमची शोकसभा झाली. तुम्ही नव्हता म्हणून सांगते. तुम्ही जिवंत असताना तुमच्या ज्या समितीला कधी कोरम मिळाला नाही, तिचे सगळे सदस्य मंगळवारी वेळेवर आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. कोणाला दिल्लीला जायचं नव्हतं, कोणाच्या मेहुण्याचं लग्न नव्हतं, कोणाची शुगर वाढली नव्हती. गेलेल्या बाईचा विषय होता आणि निर्णय काही घ्यायचा नव्हता. अशा सभेला आपल्या विद्यापीठातला माणूस धावत येतो.

तुमचा फोटो मोठा करून ठेवला होता. कुठल्याशा परिषदेतला. तुम्ही त्यात किती प्रसन्न दिसता असं सगळे एकमेकांना सांगत होते. तो चेहरा मला माहीत आहे. समोरचा मूर्खासारखं बोलत असला आणि त्याच्याकडून सही हवी असली की तुम्ही तो चेहरा करायच्या. फोटोपुढे समई होती, आणि समई विझू नये म्हणून दोन्ही कूलर बंद केले होते. नागपुरात, मे महिन्यात. तुमच्या आत्म्याला शांती मिळाली की नाही ते तुम्हाला ठाऊक, आम्हाला घाम मिळाला.

मग तुमच्या समितीचे अध्यक्ष उठले. तुम्ही त्यांना पाणी नसलेला कूलर म्हणायच्या. आवाज मोठा, हवा गरम. ते म्हणाले, मॅडम म्हणजे चालतंबोलतं समस्या-निवारण होतं. आणि त्यांनी रुमाल काढला. मी शेवटच्या रांगेत लताताईंच्या शेजारी बसले होते. मी उठणार हे लताताईंना माझ्या आधी कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या ओढणीचं टोक मांडीखाली घट्ट दाबून ठेवलं. ज्या फायलीसाठी लताताईंनी उन्हाळाभर चपला झिजवल्या, ती फाईल त्याच रुमालवाल्याच्या टेबलावर पडून होती. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी डोळे पुसून झाले.

पुढे सभेत काय झालं ते सांगते. पण आधी आपलं भांडण. ते अर्धं राहिलं आहे, आणि अर्ध्या भांडणात मी फोटोला फूल वाहत नसते. वाहिलंही नाही.

तुमच्या वर्गात मी आले ते तो पेपर सक्तीचा होता म्हणून. वेळापत्रकात त्याचं नाव ‘प्रत्यक्ष समस्या-निवारण’. पोरं नुसतं ‘समस्या’ म्हणायची. तुझी समस्या सबमिट झाली का, माझी समस्या भावानं दिली. इतवारीतली वाहतूक कोंडी हा विषय तर आपल्याकडे वारसाहक्कानं चालतो. थोरल्याची फाईल धाकटा देतो, हातगाड्यांचे तेच फोटो, टेम्पोवर त्याच सिनेमाचं नाव, आणि शेवटच्या पानावर तीच शिफारस की जनजागृती करावी. विद्यापीठाच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ही फाईल तयार मिळते, नाव घालायची जागा कोरी ठेवून. पूर नको, कुपोषण नको, त्याच्याकडे खप इतवारीचाच.

पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर ‘जनजागृती’ लिहिलंत, त्यावर आडवी काट मारलीत आणि म्हणालात, ज्याच्या उत्तरात हा शब्द येईल त्यानं पुढच्या वर्षी यावं. मग आम्हाला घेऊन इतवारीत गेलात आणि एकेकाला एकेका हातगाडीमागे लावलंत. ढकला म्हणालात. धान्याची पोती, भांड्यांचे गठ्ठे, वरून ऊन. दुपारपर्यंत निम्मे पळाले. जे उरलो त्यांना तुम्ही रस्त्यातच उभं करून विचारलंत, की ही कोंडी नेमकी कोणाची समस्या आहे. एक जण म्हणाला, मॅडम, शहराची. तुम्ही म्हणालात, शहराचे पाय दुखत नाहीत, ज्याचे दुखतात त्याचं नाव सांग.

त्या दिवशी मला तुम्ही आवडलात. पुढे फार वेळा आवडला नाहीत, म्हणून हे नोंदवून ठेवते.

माझा प्रकल्प होता आमच्या वसतिगृहाचं पाणी. टाकीत कबुतरं मरायची आणि पोरींना जुलाब व्हायचे. मी मोजमापं घेतली नाहीत, तक्ते काढले नाहीत, सरळ पत्रक लिहिलं आणि तेच तुम्हाला सादर केलं. तुम्ही शेरा दिलात: रागाला पैकीच्या पैकी, निवारणाला शून्य. मी तुमच्या खोलीत येऊन भांडले. म्हटलं, पत्रक वाटल्यावर आठवड्यात टाकी साफ झाली, झाकण बसलं, आणखी काय निवारण हवं. तुम्ही चहा ओतत होता. म्हणालात, टाकी तुझ्या पत्रकानं साफ नाही झाली वं पोरी. मी वॉर्डनच्या बायकोले फोन केला होता.

आपलं सगळं भांडण त्या एका वाक्यात होतं. तुम्ही कचेरीत प्रमाण मराठी बोलायच्या आणि खरं बोलायचं झालं की गावच्या, भिवापूरच्या बोलीवर यायच्या. मी तुम्हाला विचारलं, दरवेळी वॉर्डनला बायको असेलच का? आणि ती तुमच्या ओळखीची असेल का? पुढच्या वर्षीच्या पोरींनी कोणाला फोन करायचा? तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी मी आहो न.

मी पदवी घेतली, संघटनेत पूर्णवेळ गेले, पत्रकांवर पत्रकं काढली, आणि तुमच्या खोलीत येत राहिले. तुम्ही तोवर नव्या योजनेच्या मागे लागला होता. पूर्वअध्ययन मान्यता. माणूस कामातून जे शिकला त्याचे विद्यापीठानं श्रेयांक द्यावेत, पदवीत धरावेत, त्याला पुन्हा पहिल्या बाकावर बसवू नये. कागदावर मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला वावगी दिसत होती ती माणसं, ज्यांच्या हातात तुम्ही ती योजना देत होता. ज्यांनी आयुष्यात एक नळाची तोटी बदलली नाही ते ठरवणार की दुसऱ्याच्या कामात शिक्षण किती आणि घाम किती.

तुम्ही मला एका बैठकीला बाहेरची निमंत्रित म्हणून बसवलं होतं. तुम्ही उदाहरण दिलंत भिवापूरच्या सातऱ्यावरच्या बाईचं. सातरा म्हणजे काय ते अर्ध्या सदस्यांना सांगावं लागलं. मिरचीचे देठ खुडायला बायका जिथे ओळीनं बसतात ती जागा. एक सदस्य म्हणाला, मग मिरची खुडण्याला किती श्रेयांक द्यायचे, तिखट मिरचीला जास्त का? सगळे हसले. आणि मॅडम, तुम्हीही हसलात. मनापासून हसल्यासारखं. तुमच्या घरच्या शेतात मिरची होती, तुमच्या काकू त्या सातऱ्यावर बसल्या होत्या, हे तुम्ही मलाच सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर मी पुढे चालू लागले. तुम्हीच म्हणालात, हसू दे वं त्यायले. हसता हसता सही होऊन जाते.

झाली सही. योजना मंजूर झाली आणि सोबत एक कलम आलं. अनुभव तत्त्वतः मान्य, परंतु उमेदवारानं मान्यताप्राप्त संस्थेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष कार्य पूर्ण करणं बंधनकारक. म्हणजे ज्यानं वीस उन्हाळे विहिरी खोदल्या त्यानं आता कोणाच्या तरी हाताखाली खड्डा खणून दाखवायचा. मी पत्रक काढलं. त्यात तुम्हाला दलाल म्हटलं. नाव घेऊन. काम करणारा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये उभं राहून दोघांनाही खूश ठेवणारी बाई, असं लिहिलं. तो शब्द मी आजही मागे घेत नाही, तुम्ही गेलात म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही.

तुम्ही फोन केलात. मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. तुम्ही विचारलंत, शिल्लक प्रती आहेत का. पुढच्या बैठकीत तुम्ही त्या सगळ्यांपुढे ठेवल्यात म्हणे, आणि हळू आवाजात सांगितलंत की बाहेर पोरी तापल्या आहेत, आपण आत थोडं तरी सोडू या. त्या दिवशी त्यांनी योजनेतली वयाची अट सोडली. माझ्याकडून दलाल म्हणवून घेऊन तुम्ही माझाच माल विकलात. इतका निर्लज्जपणा मी पुढाऱ्यांतही पाहिला नाही, आणि खरं सांगते, रस्त्यात उभी राहून मी एकटीच हसले.

मग लताताई आल्या.

त्यांना तुमच्याकडे मीच आणलं होतं. कळमना बाजारामागच्या वस्तीत त्यांची अंगणवाडी आहे. हमालांची पोरं, बाजारात सांडलेलं धान्य वेचणाऱ्या बायांची पोरं. मिरचीचे ट्रक लागले की सगळी अंगणवाडी एकदम शिंकते. लताताई गरीब बिचाऱ्या वगैरे नाहीत. आवाज बाजाराला पुरेल असा, साडीला रोज इस्त्री, आणि मी पर्यवेक्षिका होणार हे त्या खिचडी वाढता वाढता पोरांनाही सांगतात. पर्यवेक्षिका होण्याचं त्यांचं कारणही काही थोर नाही. त्यांच्यावर आत्ता जी पर्यवेक्षिका आहे ती सरळ भरतीतून आलेली, त्यांच्या पोरीच्या वयाची. ती येते आणि बाळाला वजनकाट्यात कसं ठेवायचं ते लताताईंना दाखवते. त्यांना एकदा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं आहे, बस.

त्यासाठी पदवी लागते. बी.ए.चं शेवटचं वर्ष झालं होतं, अडकले होते ते प्रत्यक्ष कार्याचे चार श्रेयांक. जागा निघाल्या होत्या, अर्जाची मुदत याच उन्हाळ्यात संपत होती, आणि पुढची भरती येईल तेव्हा लताताईंचं वय बसणार नव्हतं. आत्ता नाही तर कधीच नाही, इतकं ते सरळ होतं. अंगणवाडीतल्या कामाचे श्रेयांक अंगणवाडी सेविकेला मिळावेत, याहून सोपं प्रकरण तुमच्या योजनेला कुठून मिळणार होतं?

विद्यापीठानं पत्र दिलं. अनुभव तत्त्वतः मान्य. प्रत्यक्ष कार्यासाठी उमेदवारास जवळच्या मान्यताप्राप्त केंद्रात शिकाऊ म्हणून नेमण्यात येत आहे. केंद्र: कळमना बाजारामागची अंगणवाडी. मार्गदर्शक: केंद्रातील सेविका.

लताताईंना लताताईंच्या हाताखाली शिकायला पाठवलं होतं.

मी ते पत्र घेऊन आधी कारकुनाकडे गेले. तो म्हणाला, सिस्टिमनं पिनकोडवरून दिलं आहे, बदलता येत नाही. मी म्हटलं, अहो, बाई तीच आहे. त्यानं पत्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, मग तर सोयीचंच झालं न, येण्याजाण्याचा त्रास नाही. या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं निदान सोय पाहिली. वरच्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

तुमच्या खोलीत आम्ही दोघी आलो तेव्हा तुम्ही डायलिसिसहून नुकत्याच परतला होता, हाताला पट्टी होती. पत्र वाचून तुम्ही इतक्या हसलात की पट्टीतून रक्त येतं का ते लताताईंनी उठून पाहिलं. मग तुम्ही डोळे पुसून म्हणालात, "सही कर न बाई. तूच शिकाऊ, तूच मार्गदर्शक. यायनंच सांगतलं, आपण कायले नाही म्हणायचं?"

मी म्हटलं, अजिबात नाही. ही थट्टा आहे, हे पत्र मोठं करून गेटवर लावू, सगळ्या वर्तमानपत्रांना देऊ. जी बाई ते केंद्र चालवते तिनं तिथेच शिकाऊ म्हणून सही करायची, म्हणजे आजवर तिला काही येत नव्हतं असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं.

तुम्ही म्हणालात, "थे वर्तमानपत्र तिले खुर्ची देईन का?"

मी म्हटलं, "आणि तुम्ही म्हणता त्या खुर्चीवर ती शिकाऊ म्हणून चढणार."

लताताई आम्हा दोघींकडे पाहत होत्या. म्हणाल्या, तुम्ही दोघी भांडून घ्या, मी तोवर सही करते. पेन द्या.

आणि त्यांनी केलं, मॅडम, तुमच्या पद्धतीनं केलं, अगदी मन लावून. रोजनिशी लिहायची होती ती लिहिली. आज सेविकाताईंनी मला गृहभेट कशी घ्यावी ते समजावून सांगितलं. आज माझ्याकडून खिचडीत मीठ जास्त पडलं, सेविकाताई रागावल्या नाहीत. सेविकाताई स्वभावानं कडक पण मायाळू आहेत, त्यांच्याकडून पुष्कळ शिकायला मिळतं. शेवटी मार्गदर्शकाचा अभिप्राय होता, तोही त्यांनीच: शिकाऊ उमेदवार कष्टाळू असून तिला पर्यवेक्षिका करायला हरकत नाही. त्यांची मदतनीस शोभा हे वाचून दिवसभर हसत होती. तुम्ही तर ती पानं माझ्या हातून हिसकावून पुन्हा पुन्हा वाचायच्या. मी हसले नाही. मला दिसत होतं की हे पकडलं जाणार, आणि पकडणारे स्वतःच्या मूर्खपणाला नाही, बाईला पकडणार.

तसंच झालं. महिन्यानं कोणाच्या तरी लक्षात आलं की शिकाऊ आणि मार्गदर्शक यांच्या सह्या एक आहेत. आपण काय करून बसलो असं त्यांना वाटायला हवं होतं. त्यांनी लताताईंना नोटीस काढली. उमेदवारानं स्वतःच स्वतःचं मूल्यमापन करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, सबब प्रत्यक्ष कार्य अन्य केंद्रात नव्यानं पूर्ण करावं. नव्यानं म्हणजे मुदत उलटल्यावर. खाली अध्यक्षांची सही. नेमणुकीच्या पत्रावरही त्यांचीच होती. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या आहेत, हे मात्र त्यांना नैसर्गिक न्यायाच्या आड येताना दिसलं नाही.

तुम्ही तोवर दवाखान्यात दाखल झाला होता. मी आले तेव्हा तुम्ही मशीनला लावलेल्या होता, हात हलवायची मनाई. म्हणालात, आज मी उठून जाऊ शकत नाही, बोलून घे सगळं. मी बोलले. म्हटलं, ही तुमची वाट. मागच्या दारानं आत जायचं, आणि मागच्या दारावर पकडलं गेलं की चोर ठरायचं. पुढच्या दारातून गेलो असतो तर निदान नकार तरी ताठ मानेनं घेतला असता. आम्ही सोमवारपासून गेटवर बसतो. लताताईंसारख्या आणखी बायका आहेत, सगळ्या बसतील.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "तू मले दलाल म्हण, काहीबी म्हण. पण तिचं काम होईपर्यंत गेटवर बसू नको. थे चिडले की फाईल बुडवतात. मी बाहेर आली की बोलते त्या अध्यक्षाशी."

"आणि नाही आलात तर?"

हे मी तेव्हा मुदतीच्या हिशोबानं विचारलं होतं. नर्सनं मला बाहेर काढलं.

मी थांबले. तुमच्या शब्दाखातर थांबले, संघटनेत शिव्या खाल्ल्या, गेटचा कार्यक्रम पुढे ढकलला. आणि तुम्ही बाहेर आला नाहीत. हा कसला व्यवहार झाला मॅडम? माणसाला थांब म्हणायचं आणि आपण निघून जायचं. मी पत्रकात वापरते ते सगळे शब्द तुमच्यावर रात्रंदिवस मनात वापरले, आणि त्यातला एकही पुरला नाही.

तर शोकसभा. अध्यक्षांनी रुमाल घडी करून ठेवला आणि जाहीर केलं की तुमच्या नावानं उत्कृष्ट समस्या-निवारण प्रकल्पाला दर वर्षी पुरस्कार देण्यात येईल. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना, काहींनी वाजवल्या. पहिला पुरस्कार इतवारीच्या वाहतूक कोंडीला मिळेल, लिहून ठेवा. मग सूत्रसंचालक म्हणाला, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे असल्यास. मी ओढणी ओढली. ओढणी सुटली, कारण लताताई स्वतःच उठल्या होत्या.

मला वाटलं, आता ही बाई फाडते यांना. ती माइककडे चालत गेली, फोटोपुढे वाकली आणि रडली. खरं रडली, त्यात काही खोटं नव्हतं, वस्तीत कोणी गेल्यावर रडतात तशी मोठ्यानं. पहिली रांग अवघडली. फोटोग्राफर पुढे आला. मग पदरानं तोंड पुसून ती अध्यक्षांकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, मॅडम मले दवाखान्यात म्हणाल्या होत्या, मी नसली तर घाबरू नको लता, साहेब आहेत. देवमाणूस आहे तो. तुयं काम माझ्या मागं तेच करतीन."

मॅडम, तुम्ही असं म्हणाला नव्हता. मरताना वात झाला असता तरी म्हणाला नसता. देवमाणूस! मी उभीच राहिले होते, आणि समोर फोटोत तुम्ही तोच चेहरा करून बसला होता.

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळं सभागृह त्यांच्याकडे पाहत होतं, कॅमेरा होता, समई होती, आणि दिवंगत बाईची शेवटची इच्छा होती जी नाही म्हणता येत नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मॅडमचा शब्द आम्ही खाली पडू देणार नाही. आता मात्र टाळ्या जोरात पडल्या.

शुक्रवारी आदेश निघाला. उन्हाळाभर जी फाईल हलली नाही ती तीन दिवसांत हलली. मी तो वाचला. दिवंगत प्राध्यापिकांच्या कार्यास अभिवादन म्हणून, सहानुभूतिपूर्वक विचार करून, सदर उमेदवारास विशेष बाब म्हणून श्रेयांक प्रदान करण्यात येत आहेत. हा निर्णय पायंडा म्हणून समजण्यात येऊ नये.

अंगणवाडी चालवल्याबद्दल एक शब्द नाही. बाईला तिच्या कामाचे श्रेयांक मिळाले नाहीत, तुमच्या मरणाचे मिळाले.

मी तो कागद घेऊन लताताईंकडे गेले. त्या अर्ज भरून मोकळ्या झाल्या होत्या, मुदतीच्या आत. पोरांच्या खिचडीबरोबर शिराही शिजत होता. मी म्हटलं, ताई, हे यांनी भीक घातल्यासारखं दिलं आहे. त्या म्हणाल्या, "तुले माझं भलं झालेलं पाहवून नाही राहिलं का?" मी म्हटलं, पाहवतं, पण पुढच्या बाईचं काय? तुमच्यावरून तिला काहीच मागता येणार नाही, तसं लिहिलंच आहे इथे. त्या कढई हलवत म्हणाल्या, "पुढची बाई आपलं पुढं पाहीन. मी काय साऱ्या बायकायची ठेकेदार आहो? मॅडमसाठी मी तेरवीले उपास धरीन. पण हा कागद मी वापस नाही करत." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तू कर न भांडण. तुले कोणी रोखलं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या कामावर एका बाईनं एक खुर्ची मागितली आणि मिळेल त्या रस्त्यानं घेतली, तिच्यावर माझा राग टिकत नाही. ज्यांनी तिला खोटं रडायला नाही, पण खोटं बोलायला लावलं, त्यांच्यावर तो पुरेसा टिकतो.

पुढची बाई कोण ते तुम्हाला सांगायचं राहिलं. ती तिथेच ताटल्या धूत होती. शोभा, मदतनीस. तिला सेविका व्हायचं आहे, तिनंही तुमच्या योजनेत अर्ज केला आहे, आणि काल तिचं पत्र आलं. प्रत्यक्ष कार्यासाठी केंद्र: कळमना बाजारामागची अंगणवाडी. मार्गदर्शक: केंद्रातील मदतनीस. तिनं मला हात पुसत विचारलं, ताई, मी कोणाचं नाव सांगू?

 तुमचं नाव आता खर्च झालं आहे. मृत माणसाची शेवटची इच्छा एकदाच चालते, दुसऱ्यांदा तोच अध्यक्ष पुरावा मागेल. तिच्यासाठी फोन करायला वॉर्डनची बायको कुठली आहे ते तुम्हालाच ठाऊक होतं, आणि तुम्ही त्यातलं काही कोणाला शिकवलं नाहीत. विषय शिकवलात, पेपर काढलात, योजना आणलीत, आणि जे खरोखर करत होता ते सोबत घेऊन गेलात. तुमच्यावर माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे. दलालीचा नाही.

सोमवारी आम्ही गेटवर बसतो आहोत. शोभा येणार आहे, आणखी काही जणी येणार आहेत. लताताई येतील का माहीत नाही, त्यांना भरतीच्या परीक्षेचा अभ्यास आहे. पत्रक लिहून झालं. त्यात अध्यक्षांना, त्यांच्या समितीला, त्या कलमाला, सगळ्यांना मी दलाल म्हटलं आहे, ठळक अक्षरांत. छापायला देताना वाचलं, तर तो शब्द कोणाला लागेल असं वाटेना. ते वाचतील, घडी करतील आणि खिशात ठेवतील. त्या शब्दानं जिची झोप उडाली, जिनं सकाळी उठून मला फोन करून शिल्लक प्रती मागितल्या, अशी या विद्यापीठात एकच बाई होती.